रजेचे अर्ज

म्हाबळू च्यारी, खलाशी, चोडण–रायबंदर फेरी.
त्याची सेवापुस्तिका माझ्याकडे असायची,
बेतीच्या कचेरीत, खालच्या कप्प्यात,
जिथे भरतीच्या दिवसांत भिंत ओल धरते.
बाकीच्यांचे अर्ज : ताप, बारसे, चवथ, नारळांची पाडणी.
ह्याचा पहिला अर्ज : कोलंबो.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द, धावणे.
साहेबांनी लाल पेन्सिलीने विचारले,
कुणाच्या मागे?

रजा पगारी करायला पदक लागायचे,
आणि पदकाला आधी रजा.
मी लिहिले, बिनपगारी, अकरा दिवस.
त्याची सही पुढे झुकलेली,
जणू कागद संपायच्या आत पोचायचे आहे.

कोलंबो : दहा पूर्णांक नऊ. हीटमध्ये पाचवा.
क्वालालंपूर : रिलेचा तिसरा टप्पा.
बॅटन ह्याने दिले, पुढच्याने घेतले,
पण रेषेच्या चार बोटे पलीकडे.
तो बोटे दाखवून सांगायचा
आणि फेरीतली मासेवाली पाटी सरकवत म्हणायची,
"चार बोटां म्हणजे बांगड्याची शेपटी रे पुता,
तितक्याक कोण रडता?"

शिकवले इनास मास्तरांनी.
चोडणच्या बांधावर, एका मानशीपासून दुसऱ्या मानशीपर्यंत
काथ्याच्या दोरीने त्यांनी शंभर मीटर मोजले होते.
एका अंगाला खाजन, दुसऱ्या अंगाला तिवर.
"फाटीं पळय नाका," मास्तर ओरडत,
"फाटीं मगर आसा अशें समज."
कधी कधी असायचीही.

शेवटचा अर्ज : कार्डिफ.
वेल्स कुठे आले, साहेबांनी विचारले.
खात्याकडे नकाशे होते ते नद्यांचे.
तरी कोट साहेबांनीच दिला, स्वतःच्या लग्नातला,
डांबरगोळ्यांचा वास अजून न गेलेला.

शेजारच्या लेनमध्ये एमरिस, टपाल कचेरीतला कारकून.
इंग्रजी दोघांनाही उसनी,
पण दोघांनी एकमेकांना नीट कळवले की
आपण रजेवर आहोत, आणि बिनपगारी :
तळहातावर मूठ आपटून,
शिक्का मारतात तशी.
एमरिस तिसरा.
म्हाबळू सहावा, दहा पूर्णांक सात.
आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ
आणि सगळ्यात खालचा नंबर.
येताना ह्याची बनियन तिकडे राहिली,
त्याची इकडे आली.

पुढे चौदा वर्षे, थंडीत, पहाटेच्या पहिल्या फेरीला
खाकी सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीतून
वेल्सचा लाल ड्रॅगन डोकवायचा.
शाळेची पोरे बोट दाखवायची,
"मगर! मगर!"
तो म्हणायचा, होय, हीच ती.

मग कधीतरी बांधाची सरकारी मोजणी झाली.
पोलादी टेप, दोन माणसे, एक छत्री.
मानस ते मानस : एकशे तीन मीटर, चाळीस सेंटिमीटर.
आकडा माझ्या टेबलावरून गेला.
इनास मास्तर तेव्हा हयात नव्हते.
काथ्या ओला झाला की ताणतो
की त्यांनी मुद्दाम केले, विचारणार कुणाला?

मी संध्याकाळी मुद्दाम फेरीने गेलो, सांगितले.
तो साखळी धरून उभा होता.
सात मिनिटांची नदी, एक अक्षर बोलला नाही.
चोडणचे दिवे जवळ आल्यावर म्हणाला,
"तरीच.
फीत गेली तरी पाय ऐकायचे नाहीत माझे.
लोक हसायचे, कोलंबोतही हसले.
मी आपला कुठेही गेलो तरी
आमच्या मानशीपर्यंत धावायचो."

फळी धक्क्याला टेकण्याआधी उडी मारू नये,
असा नियम आहे.
त्यासाठी मीच त्याला दोन मेमो दिले होते.
त्या संध्याकाळी पाणी अजून हातभर होते मध्ये.

तिसरा मेमो टाईप केला,
कार्बन लावला,
आणि दोन्ही प्रती खालच्या कप्प्यात,
ओल धरणाऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.